उजळणी

पदवीला पुन्हा भाव आलाय, ही बातमी घरात आणली विजयमालाबाईंनी. भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी मुलाला हाक मारली.

"ऋतू, ऐकलंस का? सांगलीच्या त्या कंपनीला ग्रॅज्युएटच पाहिजेत म्हणे. बिनडिग्रीवाल्याला दारात उभं करत नाहीत. बघ, मी म्हणत नव्हते, शिक्षण कधी वाया जात नाही!"

ऋतुराज बायकोशेजारी बसून लसूण सोलत होता. तो हसला, पण ते काही खरं हसू नव्हतं. भूशास्त्रात एम.एस्सी. होता तो, तेही पहिल्या वर्गात. कराडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता, तोवर तो विभागच बंद पडला. आता डोंगरात काय आहे ते उपग्रह सांगत होते. नकाशे, अहवाल, कोर्टाच्या नोटिसा, सगळं यंत्रं लिहीत होती, आणि तेही चहा उतू जायच्या आत. कंपन्या एकच विचारायच्या, हाताला काय येतं? ऋतुराजच्या हाताला दगड ओळखता येत होते. ते कुणाला पाहिजे होते?

मग अचानक हा भाव कुठून आला, असं तुम्ही विचाराल. ते जरा नीट सांगावं लागेल.

लहान मूल खेळता खेळता तीन भाषा शिकतं, आणि तिशीतल्या माणसाला तबल्याचा एक ठेका हातात बसवायला वर्ष जातं. याचं कारण शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी असते. लहानपणी ती विरळ असते, म्हणून पेशी हव्या तशा एकमेकींना जोडल्या जातात. वय वाढतं तशी जाळी घट्ट होते. शिकलेलं ती जागेवर धरून ठेवते आणि नव्याला आत येऊ देत नाही. ही जाळी काही काळ विरघळवणारं औषध उंदरांवर कधीचं वापरून झालं होतं. अडचण एवढीच, की ते सगळ्या मेंदूत पसरलं तर माणूस स्वतःचं नाव विसरायचा. मग ध्वनिलहरी नेमक्या एका ठिपक्यावर एकवटून औषध तेवढ्याच जागी उतरवायची युक्ती निघाली. त्या जागेपुरता माणूस पुन्हा लहान व्हायचा. सात वर्षांत येणारं काम काही आठवड्यांत हातात बसायचं, आणि मग जाळी पुन्हा घट्ट. लोक त्याला सरळ 'मऊ होणं' म्हणायला लागले.

आता प्रश्न असा, की मऊ करायची कुठली जागा? आईची आठवण मेंदूत कुठे असते ते नेमकं दाखवता येत नाही, ती सगळीकडे सांडलेली असते. पण पदवीला अभ्यासक्रम असतो ना! माणसाला यंत्रात झोपवायचं, एकेक धडा डोळ्यांपुढून न्यायचा, मेंदू जिथे जिथे पेटेल तिथे खूण करायची. पाच वर्षं नीट रचून ठेवलेलं ज्ञान, सापडायला सोपं आणि बाजारात बिनकामाचं. ते उठवायचं आणि तिथे नवं बसवायचं. जितकं जास्त शिक्षण तितकी मोठी जागा. एम.एस्सी.वाल्याला बी.एस्सी.वाल्यापेक्षा जास्त पगार मिळायला लागला तो असा. पदवीचा भाव म्हणजे रिकाम्या प्लॉटचा भाव, दुसरं काही नाही.

हे सगळं ऋतुराजला माहीत होतं. ईश्वरीला, त्याच्या बायकोला, तर जास्तच. कारण पदवी दोघांचीही एकच होती. पण ईश्वरीला पाचवा महिना लागला होता, आणि पोटुशा बाईला ते औषध चालत नाही. तेव्हा जाणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

"मी जातो," ऋतुराज त्याच संध्याकाळी गच्चीत म्हणाला. "समुद्राच्या तळाला केबली दुरुस्त करणारी यंत्रं सांगलीत बसून चालवायची. हाताचं काम आहे. कायमची नोकरी, दवाखाना, बाळाचं सगळं."

"आणि दगड?"

"दगड कुठे पळून जाणारेत? मीच जाणार." मग त्यानं खाली कानोसा घेतला. आई स्वयंपाकघरात होती. तो हळूच म्हणाला, "ए मोहिते, हातोडा दे."

आता हे काय, तेही सांगायला हवं. मोहिते हे ईश्वरीचं माहेरचं आडनाव. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गाची सहल पाटणच्या पुढच्या एका खाणीवर गेली होती. ऋतुराज हातोडा विसरला होता. "ए मोहिते, हातोडा दे," म्हणून त्यानं तिचा घेतला आणि पहिल्याच घावाला दांडा मोडला. ती इतकी भडकली, की दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी त्यानं भरपाई म्हणून तिच्या हातात एक दगड ठेवला. काळ्या खडकाच्या पोकळीत फिकट गुलाबी स्फटिकांचा गुच्छ. "झिओलाईट आहे," तो म्हणाला. "सहा कोटी वर्षं कुणी बघितला नव्हता. तू पहिली." तिथे तिचं पाणी पाणी झालं. तेव्हापासून 'हातोडा दे' म्हणजे जवळ ये.

पण हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ऋतुराजच्या थोरल्या बहिणीनं पळून जाऊन लग्न केलं होतं, आणि त्या धसक्यानं वडील वर्षाच्या आत गेले, असं विजयमालाबाई धरून चालल्या होत्या. "माझ्या घरात पुन्हा असलं लग्न नको," एवढंच त्या म्हणायच्या. मग या दोघांनी काय करावं? एका मित्राच्या मामांना मध्ये घातलं आणि मोहित्यांचं स्थळ रीतसर आणवलं. चार वर्षं एकाच बाकावर बसलेली माणसं कांदेपोह्यांना अनोळखी होऊन बसली. "तुमचे छंद काय?" ऋतुराजनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, आणि हसू दाबताना ईश्वरीच्या हातातला ट्रे असा हलला की पाहुण्यांना वाटलं, पोरगी किती लाजरी आहे! लग्नानंतर सासूसमोर अहो-जाहो, गच्चीत अरे-तुरे. तो दगड सासूच्या नजरेस पडला तेव्हा ईश्वरी घाईनं म्हणाली, "ज्योतिबावरून आणलाय, देवाचा आहे." विजयमालाबाईंनी तो उचलून देव्हाऱ्यात ठेवला. तेव्हापासून त्याला रोज गुलाल लागायचा, आणि ऋतुराज खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळायचा.

सांगलीच्या केंद्रात डॉ. मुल्ला म्हणून एक बाई होत्या. शांत, स्पष्ट बोलणाऱ्या. तिघांना समोर बसवून त्यांनी समजावलं.

"पदवी जाईल ती एकटी जाणार नाही. तिच्याबरोबर शिकलेलं, ऐकलेलं, त्या वर्षांतली माणसं, तेही सैल होतं. म्हणून आम्ही उजळणी ठेवतो. रोज घरचं एक माणूस शेजारी बसून आठवणी सांगेल. जे सांगाल ते टिकेल, जे सांगायचं राहील ते जाईल. आणि एक लक्षात ठेवा, खरं तेच सांगा. मऊ मेंदूला खरं-खोटं निवडता येत नाही. ऐकेल ते तो आपलं म्हणून धरून ठेवतो." मग त्यांनी ईश्वरीकडे पाहिलं. "तुमची दोघांची ओळख कुठली? कॉलेजातली का?"

"छे, छे!" ईश्वरीच्या तोंडून निघून गेलं. "बघून झालंय आमचं."

"रीतसर," ऋतुराजनं पुस्ती जोडली.

विजयमालाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. झालं. इतकी वर्षं जिभेला लागलेली सवय, दुसरं काय!

बाहेर आल्यावर ईश्वरीच्या मनात पाल चुकचुकली. सासूबाई पाणी प्यायला गेल्या तशी तिनं ऋतुराजचा हात धरला. "अरे, आपण खरं सांगायला पाहिजे होतं."

"अगं, ते भूशास्त्र काढणारेत," तो म्हणाला. "तू काय अभ्यासक्रमात होतीस का?"

आणि ती हसली. देवा, तेव्हा ती हसली!

उजळणीला ईश्वरी बसायची. पण विजयमालाबाईही रोज डबा घेऊन यायच्या. पोराला बाहेरचं खाऊ घालायला त्यांचा जीव धजत नव्हता, आणि जा म्हणायला सुनेची जीभ धजत नव्हती. ऋतुराज पांढऱ्या खोलीत टेकून बसलेला असायचा. डोळे लहान मुलासारखे उघडे, सांगाल तिकडे वळणारे. सकाळी त्याला यंत्राचे हातमोजे घालून काम शिकवत. दुपारी ईश्वरी सांगायची, तुमचे बाबा असे होते, तुम्ही लहानपणी नदीत असे पडला होतात, तुमच्या ताईनं तुम्हाला सायकल शिकवली. ताईचं नाव आलं की विजयमालाबाई डब्याच्या झाकणाशी चाळा करायच्या, पण थांबवायच्या नाहीत. लग्नाच्या गोष्टीपाशी आलं की ईश्वरी म्हणायची, ते उद्या सांगते. रोज उद्या. सासूबाई एखाद दिवशी येणार नाहीत, म्हणून ती वाट बघत होती.

असं करता करता उजळणीचे शेवटचे दिवस आले. एका दुपारी विजयमालाबाई रक्तदाबाच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेल्या. दार लागलं न लागलं तोच ईश्वरी खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ गेली.

"ऋतू, ऐक. नीट ऐक. पाटणच्या पुढे एक खाण आहे. आपण तिथे गेलो होतो, सगळा वर्ग. तू हातोडा विसरला होतास."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ओठाचा एक कोपरा वर गेला. "हातोडा," तो म्हणाला.

"हो रे, हातोडा! माझा हातोडा! तू मला म्हणालास..."

आणि दार वाजलं. विजयमालाबाई गोळ्यांची पुडी घेऊन दारात उभ्या होत्या.

ईश्वरीनं त्या क्षणी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. फक्त एक वाक्य. सासू रागावली असती, रडली असती, चार दिवस अबोला धरला असता. त्यापलीकडे काय होणार होतं? पण तिची मान आपोआप खाली गेली, खुर्ची मागे सरकली, आणि ती म्हणाली, "या आई. आज लवकर आलात."

विजयमालाबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पलंगावर येऊन बसल्या आणि मुलाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "पोह्यांचं सांगितलं का गं ह्याला? नाही? मग मी सांगते. ऋतू, तुझ्यासाठी मामांनी मोहित्यांचं स्थळ आणलं. आपण बघायला गेलो. हिनं हिरवी साडी नेसली होती. आणि ट्रे घेऊन आली ती अशी थरथरत होती, की मी म्हटलं, पोरगी गुणाची आहे. तू कधी पाहिलं नव्हतंस तिला त्याच्याआधी. पाहिलंस आणि तुला पसंत पडली."

"हिरवी साडी," ऋतुराज म्हणाला.

"व्हय बाबा, हिरवी."

विजयमालाबाई गोष्ट सांगण्यात पटाईत होत्या. उरलेल्या प्रत्येक दुपारी त्यांनी ती सांगितली, पोह्यांवरच्या खोबऱ्यासकट. ईश्वरी शेजारी बसून मान डोलवत राहिली.

ऋतुराज घरी आला तेव्हा तब्येतीनं उत्तम होता. आईच्या पाया पडला. ईश्वरीला म्हणाला, "तू बस, अवघडली असशील, मी पाणी घेतो." तिला क्षणभर वाटलं, सगळं ठीक आहे, उगाच घाबरले. संध्याकाळी तो गच्चीत आला. खाली सासूबाई टीव्ही बघत होत्या. ईश्वरी हळूच म्हणाली, "काय रे, हातोडा पाहिजे का?"

तो दचकला. आधी त्या 'रे'ला दचकला असावा. मग म्हणाला, "हातोडा? काही ठोकायचंय का? थांब, तू नको वाकूस." आणि तो खाली गेला, माळ्यावरची अवजारांची पेटी काढली, हातोडा शोधला आणि वर आणून मोठ्या आपुलकीनं तिच्या पुढ्यात धरला.

ईश्वरीनं तो घेतला. भिंतीत एक खिळा ठोकायचाय, असं सांगितलं. त्यानं तो ठोकून दिला.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे उभा राहिला आणि सगळ्या देवांबरोबर त्या गुलाबी दगडालाही हात जोडले, डोळे मिटून. खोकला आला नाही त्याला. तेव्हा मात्र ईश्वरीनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

तिनं डॉ. मुल्लांना फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"जाळी आता घट्ट झाली," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सांगा त्यांना. ते विश्वास ठेवतील. पण ती ऐकलेली गोष्ट होईल, दुसऱ्या कुणाची तरी. आणि भले असले तर तुमच्यासाठी आठवल्याचं नाटक करतील. ते तुम्हाला सोसेल का, हे आधी बघा."

नोकरी मात्र पक्की होती, आणि ऋतुराज त्या कामात वाकबगार निघाला. जेवताना त्याची बोटं आपोआप ताटावर अदृश्य तारा जोडत राहायची. शेजारीपाजारी पेढे मागायला आले. सगळे म्हणाले, शेवटी एम.एस्सी. कामाला आली.

सातव्या महिन्यात ओटी भरण्याचा कार्यक्रम झाला. सगळ्या बायका गेल्यावर विजयमालाबाई सुनेच्या केसांतली फुलं काढत होत्या. आरशात त्यांना ईश्वरीचा चेहरा दिसला आणि त्यांचे हात थांबले.

"काय होतंय गं तुला? दोन महिने बघतेय. सणासुदीला असं तोंड करू नये."

आणि ईश्वरीचा बांध फुटला. खाण, हातोडा, बाक, मामा, ज्योतिबाचा खोटा दगड, सगळं तिनं हुंदके देत सांगितलं. "मला माफ करा आई. आम्ही फसवलं तुम्हाला."

विजयमालाबाई खाली बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण रागानं नव्हे.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

ईश्वरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मामांनी साखरपुड्याच्या आधीच सांगितलं होतं मला. म्हणाले, ताई, पोरं घाबरतात तुम्हाला. मला इतकं वाईट वाटलं गं. पोरगी एकदा घालवली, आता पोराला पण मी राक्षसीण वाटते? मग म्हटलं, सांगतील कधीतरी आपणहून. मी वाट बघत होते. त्या दगडाला गुलाल लावताना रोज वाटायचं, आज तरी हसून सांगतील."

"आणि त्या दुपारी?" ईश्वरीनं कसंबसं विचारलं.

"मी दाराबाहेर उभी होते. खाणीचं ऐकलं मी. म्हटलं, आता सांगेल, माझ्यासमोर सांगेल. म्हणून दार वाजवलं. तू गप्प झालीस. मला वाटलं, हिला माझ्यासमोर सांगायचंच नाहीये. मी काही ऐकलं असेल म्हणून पोरगी मेल्याहून मेली असेल. तुझी लाज राखायला म्हणून मी पोह्यांचं काढलं गं. मला वाटलं, खाणीचं त्याला आधीच सांगून झालं असेल. मला काय ठाऊक, हे एवढंच राहणार होतं!"

दोघी एकमेकींना धरून रडल्या. समजूत घालायला कुणीच नव्हतं, कारण दोघींनी मिळूनच ते घालवलं होतं, आणि दोघींनी प्रेमापोटी.

बऱ्याच वेळानं विजयमालाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "सांग त्याला. आठवो न आठवो. मी पण त्याच्यासमोर म्हणेन, की ते पोह्यांचं खोटं होतं. आता तरी या घरात खरं बोलू."

ईश्वरीनं ठरवलं. रविवारी, तो घरी असताना. त्या दिवशी सासूबाई मुद्दाम बाहेर पडल्या. थोरल्या लेकीकडे जाते म्हणाल्या, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. गच्चीत कोवळं ऊन होतं. ईश्वरी मटार सोलत बसली होती आणि मनात पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा जुळवत होती. पदराआड देव्हाऱ्यातला दगड होता, गुलाल धुऊन काढलेला. हातात देऊन सांगायचं, हा कुठला देव नव्हे.

ऋतुराज वर आला आणि तिच्यासमोर पाय पोटाशी घेऊन बसला. काही बोलायचं असलं की तो असाच बसायचा. ते मात्र तसंच राहिलं होतं.

"ईश्वरी, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचारा ना."

"आपलं बघून झालं. मला तक्रार नाही हं. आईनं माझं भलंच केलं. पण परवाच्या ओटी भरण्याच्या फोटोत तुझं तोंड बघितलं, ते मला आवडलं नाही. म्हणजे, वाईट वाटलं." तो शब्द शोधत होता. "मला वाटतं, तुझं कुठेतरी दुखतंय आणि मला कळत नाहीये. आपल्या दोघांच्या डिग्रीवर कॉलेजचं नाव एकच आहे. मला तिथलं काही आठवत नाही. पण तुला तर आठवत असेल. तुला तिथे कुणी आवडत होतं का गं? खरं सांग. असलं तरी मी काही म्हणणार नाही."

ईश्वरीनं त्याच्याकडे पाहिलं. तेच डोळे, कपाळावरचा तोच व्रण. किती चांगला माणूस होता हा! बायकोच्या मनातल्या परक्या पोराबद्दल इतक्या मायेनं विचारत होता. तिनं पदराआडचा दगड घट्ट धरला. हा दगड आता बाहेर काढला, की हा भला माणूस उद्यापासून जन्मभर तो पोरगा व्हायचा प्रयत्न करणार. रोज गच्चीत येऊन पाठ केल्यासारखं म्हणणार, ए मोहिते, हातोडा दे.

तिनं हात पदराआडून काढला. रिकामा.

"होता एक," ती म्हणाली.

"तुझ्याच वर्गातला?"

"हो."

"मग? काय झालं?"

"नोकरी लागली त्याला."

ऋतुराजला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यानं मटारची परात हळूच आपल्याकडे ओढली आणि तिच्याबरोबर शेंगा सोलायला लागला.